हत्ती, गाढव आणि तिसऱ्या मजल्याचं पाणी

उदयाचल सोसायटीची पाण्याची मोटार ऐंशी सालच्या गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जळाली. ती दुरुस्त करायची की नवी आणायची हे ठरवायला बैठक बसली, आणि चार रविवार बसतच राहिली. कार्यकारिणीत माणसं सात होती आणि मतं नऊ, कारण दोघांचं मत चहाआधी एक असे आणि चहानंतर दुसरं. तोवर नाशिक रोडच्या त्या तीन इमारतींमधली तीस बिऱ्हाडं खालच्या हौदातून बादल्या भरून जिन्यानं वर नेत होती.

चौथ्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या लताबाई बादली घेऊनच बैठकीला आल्या. लताबाई दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी बादली टेबलावर आपटली.

"माझ्या गुडघ्याची वाटी सरकली की मग करा ठराव. नाहीतर माझ्या शोकसभेत करा. तेव्हा तरी दोन मिनिटं सगळे गप्प असाल."

सगळ्यांनी आपापले चहाचे कप उचलून घेतले. ती संधी साधून ढुंढिराज गायधनी मास्तर उठले.

मास्तरांचं घराणं गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या नदीघाटावरच्या, उपाध्यायांचं. वडील यजमानांच्या सात-सात पिढ्या न अडखळता म्हणून दाखवायचे. मास्तरांनी ती गादी सोडून शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, पण पाठांतर रक्तातच होतं. ते अमेरिकेच्या एकोणचाळीस अध्यक्षांची नावं ओळीनं म्हणत. अमेरिकेहून फुकट येणारं गुळगुळीत कागदाचं एक मासिक गेली अठरा वर्षं त्यांच्या घरी येत होतं. मास्तर ते आधी वाचत, मग त्यांच्या पत्नी श्यामलाबाई त्याची पुस्तकांना कव्हरं घालत. आता तर मुलगी सुमेधाच लग्न होऊन ओहायोला गेली होती, त्यामुळे अमेरिका म्हणजे मास्तरांचं व्याह्याचं घर झालं होतं.

"आपला रोग मोटारीत नाही," मास्तर म्हणाले. "आपला रोग सात तोंडांत आहे. अमेरिकेत बघा. एवढा मोठा देश, पण पक्ष किती? दोन! एक आवडला नाही तर दुसरा. गोंधळ नाही, फाटाफूट नाही. आपणही दोनच पॅनेल करू. जे जिंकेल ते मोटारीचं ठरवेल. तिकडं चार नोव्हेंबरला निवडणूक आहे, आपण दोनला घेऊ."

"म्हणजे अमेरिकेच्या आधी?" कुणीतरी विचारलं.

"आधीच!"

हे सगळ्यांना आवडलं. शिवाय जेवायची वेळ झाली होती. ठराव एकमतानं मंजूर झाला. उदयाचलच्या इतिहासात एकमत प्रथमच झालं होतं, आणि मास्तरांना वाटलं, ही सुरुवातच किती शुभ!

घरी आल्यावर त्यांनी रात्रीच्या जेवणाआधीच नियमावली लिहून काढली. आठ कलमं झाली. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्या सभासदांनी ती न वाचता सह्या करून परत दिली. वाचली एकट्या सावळीरामनं. सावळीराम 'क' इमारतीत राहायचा. नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमध्ये छापून आलेल्या नोटांवरची बारीक नक्षी तपासायचं काम तो वीस वर्षं करत होता, त्यामुळे छापलेलं किंवा लिहिलेलं काहीही तो नुसतं बघून सोडत नसे.

"जयभीम, मास्तर. हे कलम चार काय हाय?"

"ते अमेरिकेच्या राज्यघटनेतून घेतलंय. ज्या इमारतीत ज्या पॅनेलला जास्त मतं, ती अख्खी इमारत त्या पॅनेलची. ज्याच्या इमारती जास्त, ते निवडून आलं."

"आणि एकूण मतं कमी पडली तरी?"

"तसं सहसा होत नाही."

"सहसा म्हंजी होतं." सावळीरामनं कागद खाली ठेवला. "मास्तर, हे काढा. माणूस एक, मत एक. त्याच्यासाठी लय लोकं झिजले हो. ते असं इमारतीच्या गाठोड्यात बांधू नका."

"सावळीराम, दोनशे वर्षं चाललंय तिकडं."

"चालतंय बरंच काही," सावळीराम म्हणाला. त्यानं सही केली, पण सहीखाली 'कलम चारला हरकत' असं बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

पुढच्या रविवारी खुणा ठरायच्या होत्या. मास्तरांनी फळ्यावर दोन चित्रं काढली. त्यांची चित्रकला यथातथाच होती, पण सोंडेमुळे हत्ती ओळखू आला आणि कानांमुळे दुसरा प्राणीही.

"हे काय, गाढव?" 'अ' इमारतीचे भिमाजीराव म्हणाले. भिमाजीराव रेल्वेत गार्ड होते. मनमाडहून सुटणाऱ्या गाड्यांना तीस वर्षं हिरवा झेंडा दाखवून निवृत्त झाले होते, आणि शिट्टी अजून खिशातच होती.

"अमेरिकेतला सर्वात जुना पक्ष गाढवाचा आहे," मास्तर म्हणाले. "तिथं गाढवाला मान आहे."

"असंल. हितं नाय. आपण हत्ती."

भिमाजीरावांनी शिट्टी फुंकली आणि पाच मिनिटांत सव्वीस जण हत्तीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. सावळीराम जागचा हलला नव्हता. तो खिन्नपणे फळ्याकडे बघत होता.

"खरं तर हत्ती आमचा," तो म्हणाला. "बावन्न साली माझ्या बापानं आमच्या पक्षाच्या हत्तीचं चित्र असलेल्या पेटीत मत टाकलं. जल्मातलं पहिलं मत. घरी येऊन म्हातारा रडला व्हता."

"मग या की हत्तीत!" भिमाजीराव म्हणाले. "सत्ताविसावे!"

"सव्वीस झाल्यावर माझं काय काम? समोर कोण हाय?"

समोर फळ्याशेजारी मास्तर एकटेच उभे होते. दोन पक्षांची पद्धत त्यांनी आणली होती आणि दुसऱ्या पक्षात माणूस नव्हता. दुसरा पक्ष नसेल तर पहिल्यालाही अर्थ नव्हता. मास्तर सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते, आणि ज्याच्याकडे बघत तो छताकडे बघत होता.

"मीच होतो गाढव," अखेर मास्तर म्हणाले.

एवढा मोठा हशा गणेशोत्सवातल्या नाटकालाही झाला नव्हता. हशा ओसरल्यावर सावळीराम उठून मास्तरांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"गाढव कष्टाळू असतंय," तो म्हणाला. "त्याला हसणारेच त्याच्या पाठीवर विटा लादत्यात."

मागून लताबाई आल्या. "कुठल्या का जनावराच्या पाठीवर येईना, पाणी वर यायला पाहिजे," म्हणाल्या आणि गाढवाच्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या.

आता प्रचार. भिमाजीरावांनी जाहीर केलं, "आम्ही मोटार दुरुस्त करणार." मास्तरांचंही मत तेच होतं. पण दोन पक्षांत फरक पाहिजे, नाहीतर मतदारानं निवडायचं काय? म्हणून मास्तरांनी जाहीर केलं, "आम्ही नवी मोटार आणणार." दोन दिवसांनी भिमाजीरावांच्या लक्षात आलं की नवी मोटार लोकांना जास्त आवडते, तेव्हा तेही म्हणाले, "आम्हीपण नवीच आणणार." मग मास्तरांना तत्त्वासाठी दुरुस्तीकडे यावं लागलं. आठवड्याच्या शेवटी कोण काय म्हणतंय हे खुद्द भिमाजीरावांनाही सांगता येईना. ते आपले शिट्टी वाजवून "हत्ती!" एवढंच म्हणत.

यात हाल झाले नाथाचे. नाथा मोटारींचं वायंडिंग करायचा. जुन्या कार्यकारिणीनं त्याच्याकडे मोटार नेऊन टाकली होती. हत्तीवाले येऊन म्हणत "खोल." गाढववाले येऊन म्हणत "लोकांचा कौल येईपर्यंत हात लावू नको." तीन वेळा खोलून तीन वेळा बंद केल्यावर नाथानं मोटारीचे सगळे भाग एका पाटीत भरून सोसायटीच्या दारात आणून ठेवले.

"माझ्या बापानंबी येवढं राजकारण पाह्यलं नाय," तो म्हणाला. "तुमचं काय ते ठरलं की पाटी घेऊन या. पण दोघं एकदम येऊ नका."

मतदानाच्या दोन दिवस आधी भिमाजीरावांनी एक चूक केली. 'अ' इमारतीच्या गच्चीवर बोलताना ते म्हणून गेले, "नळ सुरू झाला की पहिलं पाणी 'अ'ला!" 'अ' इमारतीत टाळ्या पडल्या. पण आवाज रेल्वेचा होता, तो 'ब' आणि 'क'पर्यंत गेला. तिथं टाळ्या पडल्या नाहीत.

दोन नोव्हेंबरला मतं मोजली. 'अ' इमारतीत हत्तीला दहा, गाढवाला शून्य. 'ब'मध्ये हत्तीला चार, गाढवाला सहा. 'क'मध्येही चार आणि सहा. हत्तीला एकूण अठरा, गाढवाला बारा. भिमाजीरावांनी हिरवा झेंडा काढला. पेढ्यांचा पुडा फुटला. मास्तरांनी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला आणि अभिनंदनाला हात पुढे केला. तेवढ्यात सावळीराम खाकरला.

"मास्तर. कलम चार."

मास्तरांचा हात तसाच राहिला. त्यांनी फळ्याकडे बघितलं. 'अ' हत्तीची. 'ब' गाढवाची. 'क' गाढवाची. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"काय झालं?" भिमाजीरावांनी विचारलं.

"इमारती... आमच्या दोन आहेत. तुमची एक."

"मग?"

"नियमाप्रमाणे... आम्ही निवडून आलो."

भिमाजीरावांनी तोंडातला पेढा गिळला. "मास्तर, तुम्ही शाळेत शिकवलंय. अठरा मोठे का बारा?"

"अठरा."

"मग निवडून कोण आलं?"

"बारा."

"हे अमेरिकेत चालतं?"

"मागच्या शतकात दोनदा झालंय."

"आन् त्यांनी काय केलं?"

"मान्य केलं."

"म्हणून त्यांची खूण गाढव हाय!" भिमाजीराव ओरडले. सावळीरामनं तेवढ्यात राजीनामा लिहून मास्तरांच्या हातात दिला. 'बारा मतांचं राज्य मला नको,' एवढंच त्यात होतं. मास्तरही राजीनामा देणार होते, पण मग कलम सहाप्रमाणे पुन्हा निवडणूक, पुन्हा हत्ती आणि पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत 'अ' इमारतीनं पंपाच्या खोलीला रेल्वेचं पितळी कुलूप ठोकलं. किल्ली भिमाजीरावांच्या जानव्याला नव्हती, कारण ते जानवं घालत नसत, पण ती शिट्टीच्या दोरीत होती आणि दोरी गळ्यात होती.

पाच दिवसांनी दिवाळी आली. नरक चतुर्दशीला पहाटे उटणं लावलेली माणसं जिन्यावरून बादल्या घेऊन चढत होती. श्यामलाबाईंनी मास्तरांपुढे अर्धी बादली ठेवली.

"एवढ्यात करा अभ्यंगस्नान. उरलं तर तुमच्या लोकशाहीला घाला."

"श्यामला, पद्धत चुकीची नाही. लोकांना समजली नाही. तिकडं शंभर टक्के..."

"तिकडं तिकडं! तिकडं नळाला पाणी असतं म्हणून त्यांना असले उद्योग सुचतात."

मास्तर चिडले, पण अर्ध्या बादलीत उभं राहून चिडण्यालाही मर्यादा असते. त्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'अमेरिकेतील निवडणूक शांततेत पार पडली आहे. माझी कन्या तेथे राहते. तिचे पत्र येताच सर्वांसमोर वाचून दाखवण्यात येईल. मग पद्धत कशी चालते ते कळेल.'

पत्र बावीस नोव्हेंबरला, शनिवारी आलं. प्रेसला अर्धी सुट्टी होती, त्यामुळे दुपारी सगळे खालीच होते. निळं, आंतरदेशीय पत्रासारखं ते विमानपत्र पोस्टमननं मास्तरांच्या हातात दिलं तेव्हा श्यामलाबाई गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, आधी घरात वाचा. मग न्या चव्हाट्यावर."

"लपवण्यासारखं काय असणार? लोकशाहीत सगळं उघड असतं."

तीन इमारतींची माणसं गोळा झाली. मास्तर खुर्चीवर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले.

"तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही इथल्या निवडणुकीबद्दल सविस्तर लिहायला सांगितलंत. इथे एका बाजूला भुईमुगाच्या शेतातला उमेदवार होता आणि दुसऱ्या बाजूला सिनेमातला..." मास्तर थांबले. त्यांची नजर पुढे गेली होती आणि आवाज मागे राहिला होता. "म्हणजे, एक शेतकरी आणि एक कलावंत. दोघेही... अं... अत्यंत योग्य."

"पुढं?" भिमाजीराव म्हणाले.

"पुढे लिहिते, लोकांमध्ये फार... फार उत्साह होता."

"मास्तर," लताबाई म्हणाल्या, "तुम्ही पानाकडे न बघता वाचताय. मी पेशंटची नाडी बघत तीस वर्षं घालवली. दडवलेलं मला चेहऱ्यावर दिसतं."

"अक्षर लागत नाही मला. चष्मा वर राहिला."

"मग सावळीरामला द्या," भिमाजीराव म्हणाले. "त्याला नोटंवरची नक्षी लागती, पोरीचं अक्षर लागणार नाय का?"

पत्र सावळीरामच्या हातात गेलं. त्यानं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मास्तरांच्या जवळ वाकून हळूच विचारलं, "मास्तर, वाचू का? नको म्हणाला तर मलाबी अक्षर लागायचं नाय."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर त्यांनी मुलांना एकच गोष्ट सांगितली होती, की खोट्यावर लोकशाही चालत नाही.

"वाचा," ते म्हणाले आणि खुर्चीवरून खाली उतरले.

सावळीराम सावकाश, कुठंही आवाज न चढवता वाचू लागला. "'शेजारच्या मार्गारेटबाई दुकानात नोकरी करतात. त्यांना मी विचारलं, मत कुणाला दिलं? त्या म्हणाल्या, कुणालाच नाही. चार वर्षांपूर्वी पहिल्याला आणलं ते त्याच्या आधीचे नकोसे झाले म्हणून. आता दुसरा येतोय तो हा नकोसा झाला म्हणून. आवडला म्हणून कुणी येतच नाही. मी म्हटलं, मग तिसरा कुणी? त्या हसल्या. तिसराही उभा होता, पण त्याला मत दिलं तर वाया जातं, असं सगळेच म्हणतात, आणि सगळेच म्हणतात म्हणून ते वाया जातं. इथले जवळजवळ अर्धे लोक मत द्यायला गेलेच नाहीत, बाबा. यांच्या कारखान्यातले लोक म्हणतात, दुकानं दोन आहेत, पाट्या वेगळ्या आहेत, पण माल मागच्या एकाच दारानं येतो. तुम्ही शाळेत शिकवायचात त्यातलं मला इथे अजून काही सापडलेलं नाही. मी शोधते आहे. पण तुम्हाला खोटं कसं लिहू?'"

कुणी हसलं नाही. मास्तर फळ्याला टेकून उभे होते.

"संपलं?" भिमाजीरावांनी विचारलं. त्यांचाही आवाज खाली आला होता.

"घडीवर थोडं हाय," सावळीराम म्हणाला. "'आईनं लिहिलं की बाबांनी हत्ती आणि गाढव काढून सगळ्या सोसायटीला तहानेनं मारलं आहे, आणि स्वतः गाढव झाले आहेत. हे वाचून आम्ही दोघं हसून हसून...'" तो थांबला. "हे घरगुती हाय."

श्यामलाबाई गॅलरीतून आत गेल्या होत्या.

त्या दिवसापासून उदयाचलमध्ये लोकशाहीचं नाव कुणी काढेना. अमेरिकेतच जर असं, तर आपण कोण? भिमाजीरावांनी सह्या गोळा करून सहकार खात्यात अर्ज केला: 'आम्हाला आमचा कारभार जमत नाही, प्रशासक नेमावा.' डिसेंबरात प्रशासक आले. नाव देवराम. सायकलवरून आले, विजारीला लावलेली क्लिप न काढताच भिमाजीरावांच्या गळ्यातली किल्ली मागून घेतली, नाथाची पाटी त्याच सायकलच्या कॅरियरला बांधून नेली, आणि तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर लताबाईंच्या नळाला पाणी आलं. ठराव नाही, चर्चा नाही, चहा नाही.

"देवमाणूस!" सगळे म्हणाले.

मास्तरांच्या घरातही नळ वाहू लागला. श्यामलाबाई दिवसातून चारदा उगाचच तो उघडून बघत. मास्तर मात्र नळाकडे न बघता घरभर फिरत. शेवटी न राहवून ते म्हणाले, "पाणी आलं हे खरं, पण आपल्याला कुणी विचारलं का?"

"विचारलं असतं तर आलं असतं का?"

मास्तरांनी उठून नळ घट्ट बंद केला; त्यांचा सगळा संताप याच प्रश्नाचा होता.

सहा महिन्यांनी देवरामांची मुदत संपत आली. भिमाजीराव नवा अर्ज घेऊन मास्तरांच्या दारात उभे राहिले. 'हेच प्रशासक कायम ठेवावेत.' खाली अठ्ठावीस सह्या होत्या.

"करा सही, मास्तर. गाडी रुळावर हाय, उगा लाल झेंडा दाखवू नका."

"मी नाही करणार."

"का? नळाला पाणी नाय येत?"

"येतंय. ते बंद झालं तर भांडायला मला माणूस पाहिजे, भिमाजीराव. निवडून दिलेला. ज्याला पुढच्या वर्षी पाडता येईल असा. देवराम माझ्यापेक्षा हुशार आहेत, कबूल. पण उद्या त्यांच्या जागी बेअक्कल माणूस आला तर त्याला मी काय करू?"

"अमेरिकेत काय दिवे लागले?"

मास्तरांनी अर्ज परत त्यांच्या हातात दिला. "नाही लागले," ते म्हणाले. "मला वाटत होतं लागलेत. अठरा वर्षं वाटत होतं. म्हणून मी सही करू असं नाही."

एकोणतिसावी सही सावळीरामनंही दिली नव्हती. "बापानं हत्तीच्या पेटीत टाकलं ते मत मी देवरामसाहेबांना आंदण देऊ काय? माणूस चांगला हाय. पण नाय," असं सांगून त्यानं कागद परत पाठवला होता.

अठ्ठावीस सह्यांचा अर्ज घेऊन भिमाजीराव देवरामांकडे गेले. देवरामांनी तो वाचला, घडी केली आणि परत दिला.

"मला सोडा राव," ते म्हणाले. "मी राहतो त्या सोसायटीत सात जणांची कमिटी आहे. दोन महिने मोटार बंद आहे. घरी बायको बोलत नाही. मला तिथं लक्ष घालू द्या."

म्हणजे निवडणूक आलीच. जूनमधल्या एका रविवारी तीस जण जमले, आणि अठ्ठावीस जणांचा राग दोघांवर होता. भिमाजीराव उठले.

"लोकशाही कुणाला पाहिजे व्हती? मास्तरांना आणि सावळीरामला. मग मास्तर अध्यक्ष आन् सावळीराम चिटणीस. दोघांचीच कमिटी. आमचं कुणाचं नाव घालू नका. कुणी विरोधात हाय का?"

कुणी नव्हतं.

"बिनविरोध!" शिट्टी वाजली.

"थांबा," मास्तर कळवळून म्हणाले. "असं कसं? एकतरी उमेदवार समोर उभा राहू द्या! लताबाई, तुम्ही राहा. भिमाजीराव, हत्ती घ्या. मी दुसरं काहीही घेतो!"

पण लोक उठले होते. पाच मिनिटांत अंगणात दोन खुर्च्या, एक इतिवृत्ताची वही आणि दोघं उरले. मास्तर खचून बसले.

"सावळीराम, विरोधी पक्षाशिवाय कारभार म्हणजे पुन्हा प्रशासकच की हो."

"काळजी करू नका, मास्तर. विरोध मी करतो." सावळीरामनं वही उघडली. "पहिला विषय, मोटार किती वाजता चालू करायची."

"सकाळी सहाला. सात वाजता बंद."

"साडेपाचला पायजे. मला सातची पाळी असती. बंद साडेसहाला."

"मतदान घेऊ."

घेतलं. सहाच्या बाजूनं एक, साडेपाचच्या बाजूनं एक. बरोबरी झाली तर काय, हे मास्तरांनी या निवडणुकीसाठी लिहिलेल्या नव्या नियमावलीत लिहायचं राहिलं होतं. मास्तर म्हणाले, अध्यक्षांना निर्णायक मत असतं. सावळीराम म्हणाला, तसं कुठल्या कलमात हाय ते दाखवा. मास्तर वर जाऊन पुस्तक घेऊन आले. सावळीराम घरून दुसरं पुस्तक घेऊन आला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच मास्तरांचा चेहरा जरा उजळला होता.

बैठकीआधी लावलेली मोटार चालूच होती. गच्चीवरची टाकी भरून पाणी 'ब' इमारतीच्या भिंतीवरून धो धो वाहू लागलं तेव्हा दोघंही पुस्तकातल्या कलम अकरावर होते. गॅलऱ्यांतून आरडाओरडा सुरू झाला. "अहो, मोटार बंद करा!" श्यामलाबाई ओरडल्या.

"कधी बंद करायची हेच ठरतंय!" मास्तर मान वर न करता म्हणाले.

लताबाई गुडघ्यावर हात ठेवत तिसऱ्या मजल्यावरून उतरल्या, दोघांच्या मधून चालत पंपाच्या खोलीत गेल्या, बटण दाबलं आणि एक शब्द न बोलता परत जिना चढू लागल्या.

सावळीरामनं इतिवृत्तात लिहिलं, 'मोटार बंद करण्यात आली.' कुणी केली हे लिहावं की लिहू नये, यावर पुन्हा मतदान झालं. एकाला एक पडलं.